बर्फवाल्याची केमो

रत्नागिरीच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा बर्फाचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, मी चालवतो. मासेमारीच्या बोटी समुद्रात निघण्याआधी आमच्याकडून बर्फ भरून घेतात, म्हणजे पकडलेली मासळी बंदराला परत येईपर्यंत टिकते. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत लोखंडी डबे बुडवलेले असतात, त्यांत गोडं पाणी असतं, आणि ते गोठलं की कमरेइतकी उंच लादी निघते. या लाद्यांच्या आसपासच मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे असेल, मला गरम असं काही आवडत नाही. चहासुद्धा मी निववून पितो. फ्रिजमध्ये माझी पाण्याची बाटली वेगळी, आणि जेवताना मला तोंडात बर्फाचा खडा लागतो. बायकोने लग्नानंतर काही दिवस हे आश्चर्याने पाहिलं आणि मग सोडून दिलं.

मागच्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईला झालं आणि व्यवस्थित झालं. तिथले सर्जन म्हणाले, गाठ पूर्ण काढली आहे, पण एखादी पेशी कुठे दडून राहिली असेल तर तिच्यासाठी केमोथेरपी घ्या, आणि ती रत्नागिरीतही मिळेल. तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर मी आणि बायको इथल्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. डॉक्टर तरुण होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी फाइल वाचली, वजन विचारलं, मग लिहिता लिहिता सहज विचारलं की तुम्ही काय करता.

मी म्हटलं, "बर्फाचा कारखाना आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मी थट्टा करतोय का हे तपासायला बायकोकडे पाहिलं. बायको गंभीर होती. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आपल्याला जरा सावकाश बोलावं लागेल."

त्यांनी सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. मला दोन औषधं मिळणार होती. एक शिरेतून, दर तीन आठवड्यांनी एकदा. दुसरं गोळ्यांचं, दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, मग एक आठवडा सुट्टी. शिरेतून जायचं त्या औषधात प्लॅटिनम असतं. बायकोने विचारलं की दागिन्यांत असतं तेच का. डॉक्टर म्हणाल्या, धातू तोच. यावर बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं तिने लग्नात हार घालतानाही पाहिलं नव्हतं.

कॅन्सरची पेशी सारखी दुप्पट होत असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आतल्या पिळाच्या दोऱ्याची, म्हणजे डीएनएची, नक्कल काढावी लागते, आणि त्यासाठी दोऱ्याचे दोन पदर आधी सुटे व्हावे लागतात. जॅकेटची चेन उघडते तसे. प्लॅटिनम या पदरांना चिकटून बसतं. चेनमध्ये कापड अडकलं की ती वर जात नाही नि खाली येत नाही, तशी पेशीची अवस्था होते आणि ती मरते. गोळ्यांचं काम वेगळं. त्या नकलेसाठी लागणाऱ्या मालात खोट घालतात. अडचण एवढीच की घाईत असलेल्या पेशी फक्त कॅन्सरच्याच नसतात. तोंडाच्या आतली कातडी, आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणाऱ्या पेशी, केसांची मुळं, ही सगळी मंडळीही रात्रंदिवस दुप्पट होत असतात. औषधाला माणूस कळत नाही, घाई कळते. म्हणून तोंड येतं, पोट बिघडतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात.

"आणि तुमच्या औषधाची एक खास गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ते नसांवर बसतं. थंड वस्तूला हात लावला तर झिणझिण्या येतील, करंट बसल्यासारखं वाटेल. थंड प्यायलात तर घशात तेच. सलाइननंतरचे पाच-सहा दिवस जास्त. फ्रिज उघडायचा नाही, बर्फाला हात लावायचा नाही."

मी विचारलं, किती दिवस. त्या म्हणाल्या, सगळे डोस होईपर्यंत आणि पुढेही थोडे. मी हिशोब केला, तर चैत्र, वैशाख आणि आंब्याचा अख्खा मोसम त्यात जात होता.

पहिल्या डोसच्या दिवशी हॉस्पिटलच्या एसी खोलीत मला आरामखुर्चीत बसवलं आणि हातावर गरम टॉवेल गुंडाळला. उलट्या होऊ नयेत म्हणून आधी जी इंजेक्शनं देतात त्यांत स्टेरॉइड असतं. त्याने काही लोकांना झोप येत नाही, भूक लागते, उगाच उत्साह येतो. मला हे तिन्ही झालं आणि वर उचकी लागली. मी एरवी कमी बोलणारा माणूस. पण शेजारच्या खुर्चीत पावस गावचे एक आंबा-बागायतदार होते, त्यांना मी बर्फ कसा तयार होतो ते अमोनियाच्या नळ्यांपासून लादी सुटेपर्यंत, मधे मधे उचक्या देत, पूर्ण सांगितलं. त्यांच्या हाताला लाल औषधाचं सलाइन लावलं होतं, अगदी कोकमाच्या आगळासारखं, म्हणजे घट्ट रसासारखं. त्या औषधाने त्यांचे केस आणि भुवया गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना माझं बोलणं आवडतंय की नाही हे चेहऱ्यावरून समजायला मार्ग नव्हता.

माझं सांगून संपल्यावर ते म्हणाले की या औषधाने लघवीही लाल होते. डॉक्टरांनी त्यांना हे आधी सांगितलं होतं, पण त्यांनी घरी सांगायचं राहून गेलं. पहिल्या डोसनंतर त्यांच्या पत्नीने ती पाहिली आणि कोणाला काही न विचारता रिक्षा बोलावून त्यांना लुंगीवरच परत हॉस्पिटलला आणलं. हे सांगून ते शांतपणे सलाइनकडे पाहत राहिले. मग दोघांनाही एकदम हसू आलं आणि नर्सने येऊन आमच्या सुया जागेवर आहेत का ते तपासलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मला छान वाटत होतं. डॉक्टर लोक थोडं वाढवून सांगतात असं मनात आलं. चालत सरळ फ्रिजपाशी गेलो, तो उघडला आणि माझी बाटली उचलली. गांधीलमाश्यांच्या पोळ्यात हात घातला असता तर कदाचित तसं वाटलं असतं. बाटली खाली पडली, पाणी पायावर आलं, आणि पायालाही तेच झालं. मी चपला शोधायला पळालो तर फरशी थंड. बायको स्वयंपाकघरातून आली तेव्हा मी सोफ्यावर उभा होतो. तिने विचारलं काय झालं, तर मला नेमकी उचकी लागली. मग तिने काही विचारलं नाही. फरशी पुसली, माझ्या पायात मोजे चढवले आणि देवरूखला माझ्या बहिणीला फोन केला.

ताई माझ्याहून मोठी. देवरूखला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली आहे. दुसऱ्या दिवशी एसटीने ती आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन थर्मास, लोकरीचे हातमोजे, माकडटोपी आणि भाच्याच्या ट्रेकिंगचे जाड मोजे होते. हात-पाय धुतल्यावर तिने घरभर फिरून एकेका वस्तूला हात लावून पाहिला. स्टीलचा नळ, जिन्याचा कठडा, दाराची कडी, फरशी. "थंड," असं म्हणून ती पुढे जायची किंवा "चालेल," असं म्हणायची. जे जे थंड ठरलं त्यावर तिने जुने कपडे गुंडाळले. फ्रिजच्या मुठीला बायकोची ओढणी बांधली आणि गाठ अशी मारली की बायकोलाही ती सुटेना. दोन दिवस आमचं दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये होतं.

मग तिने खाणंपिणं हातात घेतलं. पाणी गरम. कोकम सरबत गरम, म्हणजे ते सरबत राहिलं नाही, काढा झाला. ताक गरम करायला ठेवलं तर फुटलं, तेव्हा तिने ते गाळून वरचं पाणी मला प्यायला दिलं. चमचा थंड लागू नये म्हणून गॅसवर धरून आणला आणि माझा खालचा ओठ भाजला. एका दुपारी तिने कलिंगड आणलं. पांढऱ्या पेशी कमी असताना कापून ठेवलेली कच्ची फळं बाहेरून आणून खाऊ नयेत असं तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि थंड तर चालणारच नव्हतं. या दोन्ही गोष्टींचा विचार करून तिने कलिंगड इडलीच्या भांड्यात वाफवलं. बशीत जे आलं त्याला आकार नव्हता. मी ते खाल्लं. बाहेर अंगाची काहिली होत होती, पायात दोन-दोन मोजे होते, आणि ताई पंख्याचा वेग एकवर आणून समोर बसली होती.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "गरम."

"मग झालं तर," ती म्हणाली.

पुढच्या वेळी बायकोने हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या म्हणाल्या, साधं, खोलीत ठेवलेलं असतं तेवढं पुरे. फळ धुऊन घरी कापलं की झालं. वाफवायची गरज नाही. ताईने ते ऐकून घेतलं, पण नंतर रिक्षात म्हणाली की ही डॉक्टरीण अजून लहान आहे.

कारखाना माझा फोरमन बघत होता. तो हुशार आहे आणि यंत्रं त्याला माझ्याहून जास्त कळतात. पण मे महिन्यात एके दिवशी त्याचा फोन आला की एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बर्फ घ्यायला तयार नाही. हा तांडेल आमचं जुनं गिऱ्हाईक. लादी निघाली की मी तिच्यावर तळहाताने थापटी मारतो आणि आवाजावरून, स्पर्शावरून ती आतून घट्ट आहे की पोचट ते सांगतो. मला स्वतःला ही निव्वळ सवय वाटते. पण तांडेलाला त्या थापटीशिवाय बर्फ नेणं म्हणजे नारळ न फोडता बोट पाण्यात ढकलणं. मी महिनाभर दिसलो नाही, आणि आता त्याच्या मते लाद्या लवकर विरघळत होत्या. शेट स्वतः हात लावतील तर मी माल नेतो, असं तो सांगून बसला होता.

डोस होऊन दोनच दिवस झाले होते. ताई नको म्हणाली. मी म्हटलं, नुसता उभा राहतो. मग तिने मला तयार केलं. माकडटोपी, गळ्याला मफलर, लोकरीचे हातमोजे आणि त्यावर भांडी घासायचे रबरी, पायात मोजे आणि गमबूट. दुपारी ऐन उन्हात मी असा बंदरावर उतरलो. जाळी विणणारे हातातलं काम थांबवून बघायला लागले. कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. तांडेल कारखान्याच्या दारात विडी ओढत उभा होता. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"शेट," तो म्हणाला, "काश्मीरला निघालाव काय?"

मी त्याला औषधाचं सांगितलं, जेवढं उभ्या उभ्या सांगता येईल तेवढं. प्लॅटिनम, नसा, थंडी. तो मान हलवत होता. मग म्हणाला, ते सगळं बरोबर, पण लादी बघा.

आत गेलो. नेमकं त्याच वेळी फोरमनने टाकीवरची फळी उचलली आणि आतली गार हवा एकदम माझ्या तोंडावर आली. डॉक्टरांनी हे सांगून ठेवलं होतं, तरी प्रत्यक्षात झालं तेव्हा मी घाबरलो. घसा आवळल्यासारखा झाला. श्वास चालू होता, छाती वरखाली होत होती, पण आपण श्वास घेतोय हे घशाला कळतच नव्हतं. असं झालं की गरम पाणी प्या, तोंड झाका, शांत राहा, एवढं मला आठवत होतं. मफलर तोंडावर घेतला, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि या सगळ्यात लादीवर थापटी मारायची राहू नये म्हणून मी दोन-दोन हातमोज्यांतला हात एकदा लादीवर ठेवला. काहीतरी म्हणायला गेलो तर आवाज चिमणीसारखा आला.

तांडेलाला मागून एवढंच दिसलं की शेटने बर्फाच्या लादीवर हात ठेवला, मफलरात तोंड खुपसलं आणि शेट रडायला लागले. त्याने विडी फेकली. माझ्या खांद्याला धरून मला बाहेर उन्हात आणलं, मासळीच्या पाटीवर बसवलं आणि फोरमनला म्हणाला, "भरा रे. सगळा भरा."

ताई रिक्षात थर्मास घेऊन बसलीच होती. गरम पाण्याचे दोन घोट गेले आणि घसा सुटला. मी तांडेलाला समजवायला गेलो की मी रडलो नाही, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं. बाप्या माणसाने रडण्यात लाज कसली, असं तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत बंदरावर सगळ्यांना कळलं की शेटला आपल्या बर्फावरचा बोल सहन झाला नाही. त्यानंतर त्या मोसमात आमच्या मालाबद्दल कोणीही तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी तांडेलाच्या बायकोने बांगड्याचं कालवण पाठवलं, कढत. ताईने बोट लावून पाहिलं आणि आल्यापासून पहिल्यांदा काही थोडं निवू दिलं.

गोळ्यांनी तोवर माझे तळहात लाल झाले होते आणि कातडी सोलायला लागली होती. मलम चोपडून त्यावर सुती हातमोजे घालायचो. बोटांचे ठसे पुसट झाले, तेव्हा फोनने अंगठा घ्यायचं बंद केलं. आपलाच फोन आपल्याला ओळखत नाही म्हटल्यावर मला थोडा वेळ फारच अपमान वाटला. पासवर्ड मी विसरलो होतो. तो ताईला पाठ निघाला. तिला तो कसा माहीत, हे मी अजून विचारलेलं नाही.

पावसच्या बागायतदारांची आणि माझी एव्हाना चांगली ओळख झाली होती. आमचे डोस बऱ्याचदा एकाच दिवशी पडत. एकदा त्यांनी खालच्या आवाजात आपली अडचण सांगितली. त्यांची चव गेली होती. काहीही खाल्लं की तोंडात लोखंडी खिळा ठेवल्यासारखं लागायचं. जिभेवरच्या चवीच्या पेशीही सारख्या नव्या होत असतात, तेव्हा त्यांनाही औषध सोडत नाही. एरवी चाललं असतं, पण दर वर्षी गवताच्या प्रत्येक अढीतला पहिला पिकलेला हापूस ते स्वतः चाखून ठरवायचे की अढी फोडायची का. बाहेरून वासाने सगळ्यांना कळतं, पण त्यांना चाखल्याशिवाय चैन पडायचं नाही. घरच्यांच्या जिभेवर त्यांचा भरवसा नव्हता. मुलगा मुंबईला राहून तिखट खायला लागलाय, पत्नीला सगळंच गोड लागतं. मला त्यांनी विचारलं, तुमची चव शाबूत आहे का. मी म्हटलं, आहे, फक्त थंड चालत नाही. ते म्हणाले, अढीतला आंबा कोमट असतो.

एका सकाळी मी आणि ताई पावसला गेलो. डोस होऊन तीन दिवस झाले होते. आंब्याच्या खोलीत गेल्यावर इतकी ऊब होती की कित्येक आठवड्यांनी मला माणसात आल्यासारखं वाटलं. तिथे कोल्हापूरचं एक कुटुंब होतं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत. ते दर वर्षी गाडी घेऊन येतात आणि पेट्या घेऊन जातात. बागायतदारांनी गवतात हात घालून एक आंबा काढला, पुसला, चिरला. ताईने फोडीला बोट लावलं. "चालेल," ती म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत होते.

आता या औषधाचा आणखी एक गुण मी सांगायचा विसरलो. जेवणाचा पहिला घास घेताना कानाखाली, जबड्याच्या सांध्यात, कोणीतरी पकडीने दाबावं तशी कळ येते. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला काही नसतं. घरी मला त्याची सवय झाली होती. इथे आंब्याच्या वासाने मी ते साफ विसरलो होतो. मी फोड तोंडात घातली आणि माझा चेहरा जो काही वाकडा झाला तो मला स्वतःला दिसला नाही, पण समोरची लहान मुलगी आईच्या मागे गेली. डोळे मिटले, एक हात आपोआप वर झाला. कोल्हापूरच्या आजोबांनी हातातला आंबा हळूच परत गवतात ठेवला.

बागायतदार पांढरेफटक पडले. मी मान हलवून नाही नाही म्हणत होतो, पण तोंड भरलेलं असल्यामुळे त्याचाही अर्थ उलटाच झाला. मग ताई पुढे झाली. ज्या आवाजात ती आठवीच्या वर्गाला शिकवायची त्याच आवाजात तिने सांगितलं की हा दोष आंब्याचा नाही, औषधाचा आहे, आणि आत्ता सिद्ध करून दाखवते. मला दुसरी फोड खायला लावली. चेहरा सरळ. सगळ्यांना दाखवला. मग म्हणाली, थोडा वेळ जाऊ दे. आम्ही सगळे अंगणात बसलो, कोल्हापूरकरांनी पन्हं घेतलं, मी गरम पाणी. बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून केळं काढलं आणि मला दिलं. पहिल्या घासाला कळ आली, तोंड वाकडं झालं, हात वर गेला.

"बघा," ताई म्हणाली. "केळ्यालाही तेच तोंड."

आजोबांना ते पटलं. नातवंडांना इतकं पटलं की त्यांनी मला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. पेट्या गाडीत भरायला लागल्यावर बागायतदार माझ्याशेजारी येऊन बसले. टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"आंबा कसा होता?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा."

मी म्हटलं, चांगला होता, बाठ्याजवळ जरासा आंबूस, एक दिवस थांबलात तर तोही जाईल. त्यांनी मान हलवली. पण त्यांना ते नको होतं. ते म्हणाले, ते मला वासावरून कळलं, तो लागतो कसा ते सांगा. मी विचार केला. गोड म्हटलं असतं तर साखरही गोड असते. आयुष्यभर हापूस खाल्ला, पण तो कसा लागतो हे कोणाला सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

"आंब्यासारखा लागतो," मी म्हटलं.

ते डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "बरोबर. तसाच लागायला हवा."

माझे डोस पावसाळ्यात संपले. तपासण्या झाल्या, स्कॅन झालं, सध्या सगळं नीट आहे असं डॉक्टर म्हणाल्या, आणि दर काही महिन्यांनी येऊन दाखवायला सांगितलं. थंडीच्या झिणझिण्या हळूहळू कमी झाल्या. ताई देवरूखला परत गेली, जाताना एक थर्मास ठेवून गेली. मात्र पायांच्या तळव्यांना बधिरपणा राहिला. औषध थांबल्यावरही काही महिने तो वाढतो आणि मग उतरायला लागतो, काहींना थोडा कायम राहतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता मला पायाखाली काय आहे ते बघून समजतं, लागून समजत नाही.

दिवाळीनंतर आम्ही आणि बागायतदारांचं कुटुंब मिळून गणपतीपुळ्याला गेलो. त्यांचे केस परत आले होते, पण कुरळे. आयुष्यभर सरळ केसांचा माणूस, आता डोक्यावर दाट, मऊ कुरळे केस, आणि ते सारखे त्यांवरून हात फिरवत होते. त्यांची चवही परत आली होती. प्रसादाचा मोदक त्यांनी इतका सावकाश खाल्ला की पुजारी अदबीने थांबून राहिले. देवळातून बाहेर आल्यावर मी चपला घातल्या आणि आम्ही समुद्राच्या कडेने गप्पा मारत गाडीपर्यंत आलो.

गाडीत बसताना बायकोने माझ्या पायांकडे पाहिलं. डाव्या पायात माझी चप्पल होती. उजव्या पायात कोणा बाईची होती, टाचेची, वर मोती लावलेली. मी एवढं अंतर तसा चालत आलो होतो. बागायतदार म्हणाले की मला आपलं वाटत होतं तुम्ही आज जरा लंगडताय, पण आजारपणाचं असेल म्हणून बोललो नाही.

आम्ही परत गेलो. चपलांच्या ढिगाशेजारी एक बाई एका पायावर उभी होती, त्याच पायात मोत्यांची चप्पल, आणि तिच्या नवऱ्याने माझी उजवी चप्पल पुरावा म्हणून हातात धरली होती. मी माफी मागितली आणि कारण सांगितलं. बाईने माझ्या पायाकडे पाहिलं, मग टाचेकडे पाहिलं.

"मला या टाचेवर नीट चालता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही कसे आलात?"

मी म्हटलं, मला कळलंच नाही. तिच्या नवऱ्याने चप्पल माझ्यासमोर ठेवली, आणि मी खाली बघत बघत ती पायात घातली. त्यानंतर मी मागे पट्टा असलेल्या चपला घेतल्या, त्या घालताना खाली वाकून बघावंच लागतं.